चौकटीत एकच चेहरा

मार्च लागला की माझ्या फोटो स्टुडिओत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक लग्न जमलेली, आणि दुसरी परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा असलेली. पहिल्यांना आहेत त्याहून गोरं दिसायचं असतं; दुसऱ्यांचे दोन्ही कान दिसले की काम भागतं. दुकान लाखनीत हायवेला लागून आहे. समोरून भरलेला ट्रक गेला की शटर थरथरतं आणि नेमकं तेव्हाच फोटोला बसलेलं पोर डोळे मिटतं. मग मी म्हणतो, ट्रक जाऊ दे, मग पाहा इकडे. या दिवसांत उन्हाळी धान बांधापर्यंत हिरवं झालेलं असतं, मोह गळायला लागलेला असतो, आणि सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांनाही त्या फुलांचा गोडसर, आंबूस वास असतो. हा मोसम आला की माणसांची लगबग सुरू होते. मला मात्र आता त्याचं काही होत नाही. पूर्वी व्हायचं.

परवा शहापूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. फोटो झाला, तो कापून पाकिटात घातला, तरी ते जाईनात. काउंटरवरच्या माझ्या जुन्या कॅमेऱ्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, या कॅमेऱ्याचा कम्प्युटरले वेबकॅम होते का जी? हिची मुलाखत घरूनच हाये म्हणते, अन आमच्या कम्प्युटरले डोळाच नाही."

"होते ना," मी म्हणालो. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. कोणती तार लागते, कॅमेरा आपोआप झोपू नये म्हणून कुठलं बटण बंद करायचं, बॅटरी मध्येच संपते म्हणून तिच्या जागी वायरवाली खोटी बॅटरी कशी बसवायची, भिंग कोणतं लावायचं. मुलगी मोबाइलवर टिपून घेत होती. निघताना मी म्हणालो, "अन मागची भिंत रिकामी ठेवा."

"काहून जी?"

"चांगलं दिसते," मी म्हणालो.

ते गेले आणि मी तो कॅमेरा उगाच पुसत बसलो. पुसायला त्यावर काही नव्हतं.

हा खटाटोप मी स्वतः एकदाच केला. आजाराची साथ आली त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. आदल्या पावसाळ्याच्या शेवटाला माझी बायको, निर्मला, त्याच साथीत गेली. घरी मी आणि माझी मुलगी पल्लवी, दोघंच उरलो. लग्नं चार-दोन माणसांत होत होती, त्यांना फोटोग्राफर नको होता. दुकान उघडायचं, झाडून घ्यायचं, बंद करायचं. मी जेवत होतो, झोपत होतो, विचारलं तर उत्तर देत होतो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गालाला बोट लावलं की तो गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. लोक माझ्याकडे बघत, मी रडेन म्हणून थांबत, आणि मग जरा वेळानं चहा मागत. मलाही वाटायचं, रडावं. पण वाटून रडता येत नाही.

निर्मला माझ्यासोबत लग्नांना यायची. बायकांकडचे फोटो, नवरीची तयारी, हळदीची बसकण, हे सगळं तिच्या हाती. माणसांना उभं करण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. फोटोला ताठ होऊन उभ्या राहिलेल्या नवरदेवाला ती सगळ्यांसमोर म्हणायची, "हासा ना जी, लगन तुमचंच हाये." तो हसायचा, वऱ्हाड हसायचं, आणि मी बटण दाबायचो. मला वाटायचं माझे फोटो चांगले येतात. आता एकटा जातो तेव्हा नवरदेव ताठच राहतात, आणि मी तसेच काढून देतो.

आमच्या धंद्यात एक काम असं आहे की ज्याला कधी मंदी नाही. माणूस गेला की घरचे त्याचा कुठल्यातरी लग्नातला, जत्रेतला, बैलजोडीपाशी उभा असलेला फोटो घेऊन येतात. त्यातून चेहरा उचलायचा, मोठा करायचा, मागे निळं आभाळ टाकायचं. आंधळगावच्या एका आजोबांना मी कोट आणि टाय घातला होता. जन्मात त्यांनी बंडीशिवाय काही घातलं नसेल, पण मुलगा खूश झाला. सगळ्यांचं मागणं एकच असतं. डोळे आपल्याकडे पाहिजेत. घरात कुठंही बसलो तरी बाप आपल्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. हे मला चांगलं जमतं. बुबुळात एक पांढरा ठिपका टाकला की मेलेला माणूस बघायला लागतो.

निर्मलाचाही फोटो मीच केला. दुसऱ्या कुणाकडे देणार? तिचा धड फोटोच सापडेना. सगळ्या हार्ड डिस्का धुंडाळल्या. हजार लग्नांतल्या हजार नवऱ्या सापडल्या, पण ती नेहमी कॅमेऱ्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला उभी. शेवटी आंधळगावच्याच एका लग्नातला सापडला. नवरीच्या मामानं माझ्या हातातला कॅमेरा ओढून घेतला होता, "आज तुमी दोघं उभे राहा जी भाऊ," म्हणून. मी आपला हात बांधून उभा. तर तो म्हणाला, "हात ठेवा ना खांद्यावर! साऱ्याइले तर सांगता." म्हणून ठेवला. ती थेट भिंगाकडे बघत होती, हसू दाबून.

त्या फोटोतून मी मला कापून काढलं. तिच्या खांद्यावर माझी बोटं राहिली होती. ती एकेक करून पुसली, त्या जागी साडीचे काठ जुळवले. काठ चांगले जुळले. निळं आभाळ टाकलं नाही, साधा राखी रंग ठेवला. डोळे स्वच्छ केले, ठिपका टाकला. हे सगळं गिऱ्हाइकाचं काम करावं तसं केलं आणि संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे टाकून घरी आलो. बैठकीच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीच्या बाजूला, दारातून आल्याबरोबर दिसेल असा तो लावला. नातेवाईक म्हणाले हार घाला. पल्लवी म्हणाली, नको. मग हार घातला नाही.

पल्लवीला दूर बंगळुरूच्या एका संस्थेत एम.एस्सी.ला जायचं होतं. तिथली प्रवेश परीक्षा एक वर्ष तिची बुडाली होती, कारण त्या दिवसांत तिची आई दवाखान्यात होती. संस्थेनं पुढच्या वर्षी परीक्षा घरूनच ठेवली. पेपर कम्प्युटरवर, समोर कॅमेरा पाहिजे, आणि तिकडे बसलेला एक माणूस सगळा वेळ बघत राहणार. मोबाइल चालणार नाही. बाजारात वेबकॅम नावाला नव्हता; सगळ्या देशाला एकाच वेळी त्याची गरज पडली होती. एके दिवशी भाजी चिरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, या खेपेला नाही झालं तर मी सोडून देईन. तुमच्यासंगं दुकानात बसीन."

दुकानात बसायला काही वाईट नाही. पण ती ते ज्या आवाजात बोलली तो आवाज मला ओळखीचा होता. मी त्याच आवाजात सगळ्यांना चहा विचारत होतो. घरात आधीच एक तसा माणूस होता, दुसरा नको, एवढं मला कळलं. तिचं हे व्हायलाच पाहिजे होतं.

दुकानातला कम्प्युटर घरी आणला, कारण तिथं ट्रकांचा आवाज. बैठकीत खिडकीशी टेबल लावलं, तिथंच मोबाइलचं नेटवर्क धड मिळायचं. टेबलामागे तिकाटणं उभं केलं, त्यावर कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्र कम्प्युटरच्या पोटात नेणारी बोटाएवढी डबी नागपूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून मागवली. चित्र आलं, पण त्यासोबत कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिरवा चौकोनही आला. हा चौकोन म्हणजे कॅमेऱ्याची समज: जिथं चेहरा दिसेल तिथं जाऊन बसतो आणि तेवढं स्पष्ट करतो. तो घालवायची युक्ती काही मला सापडली नाही. राहू दे म्हटलं.

तपासायला मी स्वतः खुर्चीत बसलो. वीस-बावीस वर्षं या वस्तूच्या मागे उभा राहिलेला मी, पहिल्यांदा तिच्यासमोर. पडद्यावर एक वाढलेल्या दाढीचा माणूस बसला होता. मी हात वर केला. त्यानं जरासा उशिरा वर केला. मी मान हलवली. त्यानं नंतर हलवली. चित्र तारेतून यायला तेवढा वेळ लागतो, त्याला इलाज नाही. मी बराच वेळ तसाच हात खाली-वर करत राहिलो. त्या दिवसांत माझ्यापर्यंतही सगळं उशिराच येत होतं, त्यामुळे असेल, त्या माणसाशी माझं बरं जमलं. माझ्या मागे भिंतीवर निर्मला दिसत होती. ती तर रोजच दिसायची, तिच्याकडे मी वेगळं लक्ष दिलं नाही.

परीक्षा दुपारची होती. पल्लवीनं केस घट्ट बांधले, मेज पुसलं, कच्च्या कामाचे कोरे कागद कॅमेऱ्याला दाखवले, कॅमेरा फिरवून खोली दाखवली. मी आतल्या खोलीत, दाराच्या फटीशी. तिथून पडदा तिरका दिसायचा. पेपर सुरू झाला. हिरवा चौकोन तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट बसला होता.

मग गणित आलं असावं. तिनं मान खाली घातली आणि कागदावर लिहायला लागली. कॅमेऱ्याला आता नुसते केस दिसत होते. चौकोन जरा इकडेतिकडे झाला, विझला, आणि तिच्या डोक्यावरून मागे जाऊन निर्मलाच्या चेहऱ्यावर बसला. पल्लवी पुसट झाली, भिंत स्पष्ट झाली. तिनं मान वर केली की तो परत यायचा, खाली घातली की जायचा. बाजूच्या बुद्धाकडे त्यानं एकदाही ढुंकून पाहिलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. निर्मलाचे उघडे होते, समोर बघणारे, मीच केलेले.

थोड्या वेळानं स्पीकरमधून आवाज आला, तरुण माणसाचा, सभ्य. "मैम, आपके पीछे कोई बैठा है."

"नहीं सर, कोई नहीं है."

"मैम, सिस्टम दो चेहरे दिखा रहा है. जो भी हैं, उन्हें कमरे से बाहर भेजिए. नहीं तो पेपर रोकना पड़ेगा."

पल्लवीनं मागे वळून पाहिलं. पडद्यावर मला तिची पाठ दिसत होती.

"सर, वो फोटो है."

"किसका फोटो?"

"मम्मी का."

तो माणूस आता हळू आवाजात म्हणाला, "हटाना पड़ेगा मैम. सॉरी. आपका टाइम चल रहा है."

"बाबा," पल्लवीनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

मला तेव्हा भीती वाटली, हे मला पक्कं आठवतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी थेट पोहोचलं, उशीर न लागता. पेपर थांबेल याची भीती. मी स्टूल घेऊन बैठकीत गेलो. "ये कौन हैं?" आवाज म्हणाला. "पापा हैं सर, फोटो उतारने आए हैं," पल्लवी म्हणाली आणि ताबडतोब पडद्याकडे तोंड करून बसली. मी वर चढलो. दोरी खिळ्यात अडकली होती. मीच ती दुहेरी बांधली होती, पडू नये म्हणून. ती निघेपर्यंत माझे हात घामानं ओले झाले.

फ्रेम छातीशी धरून मी वळलो आणि समोरचा पडदा दिसला. पल्लवीनं पुन्हा लिहायला मान खाली घातली होती. डोळ्यांपर्यंत माझं तोंड फोटोच्या मागे. हिरवा चौकोन निर्मलाच्या चेहऱ्यावर होता. मी स्टुलावरून उतरलो, तोही तिच्याबरोबर उतरला. मी दाराकडे चाललो, तो तिच्यासोबत दाराकडे सरकला. चौकटीच्या कडेपर्यंत तो तिला सोडत नव्हता. मग ती बाहेर गेली आणि चौकोन रिकाम्या भिंतीवर जरासा फिरून गेला. मी हे सगळं बघितलं आणि दार ओढून घेतलं.

बाहेर ओसरीत बाज होती, तिच्यावर फोटो ठेवून मी बाजूला बसलो. शेजारच्या वच्छलाकाकी अंगणात मोह वाळू घालत होत्या. लांबूनच त्यांनी पाहिलं आणि हात झटकत आल्या.

"काहून रे बाबू? फोटो काहून उतरवला?"

"पल्लवीचा पेपर हाये, काकी. खोलीत एकच जण पाहिजे म्हणते."

"मंग?" काकींनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निर्मला काय कॉपी देऊन राहिली का तिले? तिले कुठी इंग्रजी येत होतं!"

स्वतःच्याच बोलण्यावर त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत राहिले, पण ते हसू नव्हतं. मी बघत राहिलो. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "उन्हात नको ठेवू तिले," आणि दांडीवरची पल्लवीची ओढणी काढून त्यांनी फ्रेमवर नीट पांघरली, डोक्यापासून खालपर्यंत. मग परत मोहाकडे गेल्या. मी ओसरीत बसून राहिलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, ऊन ओसरीच्या कडेवरून खाली उतरलं.

पल्लवी आता तिकडेच असते. तिचं झालं. रविवारी ती बोलते. तिच्या लॅपटॉपला त्याचा स्वतःचा डोळा आहे, माझ्याही फोनला आहे, आता तार-बीर काही लागत नाही. मागे तिच्या खोलीची पांढरी भिंत दिसते. ती विचारते, जेवले का, दुकान कसं आहे, लग्नं किती. मी सांगतो. कधी कधी दोघंही गप्प होतो आणि नुसते एकमेकांकडे बघतो. ती हसते, मग मीही हसतो, जरासा उशिरा. नेटवर्क असं आहे म्हणून ती नेटवर्कला नावं ठेवते, आणि मी ठेवू देतो. मी बरा झालो आहे का, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. गाल पुन्हा आपला वाटायला लागतो तो क्षण कुणालाच नेमका कळत नसतो. दुखायला लागतं तेव्हा कळतं, आणि माझं एकदाच दुखलं आहे. ते त्याच दिवशी, पेपर संपल्यावर.

पेपर संपला तसं तिनं दार उघडलं आणि तोंड धुवायला मोरीकडे गेली. कसा गेला, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून बरा गेला असावा असं वाटलं. मी आत जाऊन आवराआवर सुरू केली. कॅमेरा बंद केला, तिकाटण्यावरून उतरवला, भिंगाला झाकण लावलं, आणि तार कोपरावर गुंडाळायला लागलो. लग्नाचं काम आटोपलं की अशीच गुंडाळतो. डोक्यात काही नव्हतं, तार न पिळता गुंडाळली गेली पाहिजे एवढंच होतं. पल्लवी ओल्या तोंडानं परत आली आणि त्या मोकळ्या भिंतीसमोर उभी राहिली. फोटो परत लावायचा होता.

"आई कुठी हाये?" तिनं विचारलं.

मी मान वर केली नाही. "मागं असन," पूर्वी म्हणायचो तसंच मी म्हणालो. "आवाज दे."

ती मागच्या दाराकडे वळली आणि तिनं आवाज दिला.

आणि आम्ही दोघंही, ओ येते का ते ऐकायला, थांबलो.